विहिरीवरील मोटारीच्या पंख्याचा आवाज : कारणें, परीक्षा व उपाय

जोंपर्यंत विहिरीवर मोट चालत होती, तोंपर्यंत शेतकरी आपल्या साधनाची प्रकृति कानानेंच ओळखीत असे. चाक कुरकुरूं लागलें कीं बैल थांबवून आंसाला वंगण दिलें जाई, आणि त्या घटकाभराच्या खोळंब्याबद्दल कोणी हळहळत नसे. मोटेच्या जागीं विजेची मोटार आल्यापासून ही संवय सुटत चालली आहे. बटण दाबलें व पाटाला पाणी लागलें कीं मालक पिकाकडे वळतो. मोटारीच्या पाठीमागून खडखड, घरघर किंवा शीळ ऐकूं आली तरी 'पाणी तर येतें आहे' या समाधानांत महिनेच्या महिने लोटतात. पुढें चैत्र-वैशाखांतल्या एखाद्या दुपारीं जळका वास येतो, मोटार बंद पडते, आणि ती गाडींत घालून तालुक्याच्या गांवीं वेढे भरावयास न्यावी लागते. ती परत येईपर्यंत उसाची किंवा भाजीपाल्याची पाण्याची पाळी चुकते. त्या चुकलेल्या पाळीचें नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून पुष्कळदां मोठें असतें.

अशा जळालेल्या मोटारींपैकी कित्येकींचा रोग मूळचा अगदीं क्षुल्लक असतो. मोटारीच्या मागल्या टोकास जो लहानसा पंखा असतो तो तरी बिघडलेला असतो, किंवा पंख्याच्या नांवावर खपणारा आवाज दुसऱ्याच एखाद्या भागाचा असतो. हा आवाज कसा ओळखावा, कोणता आवाज पाळी संपेपर्यंत थांबण्याजोगा व कोणता तत्क्षणीं मोटार बंद करण्याजोगा, आणि त्यावर उपाय कोणते, याची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. एक गोष्ट मात्र आरंभींच सांगितली पाहिजे. आपला हेतु आवाज बंद करण्याचा नसून मोटार थंड राखण्याचा आहे. पंखा काढून टाकल्यानें आवाज खात्रीनें बंद होतो. पण त्याच्या मागोमाग मोटारहि बंद होते.

पंख्याचें कार्य

मोटारीस जी वीज मिळते ती सर्वच्या सर्व पंपाच्या कामीं येत नाहीं. तिचा कांहीं भाग तांब्याच्या वेढ्यांत, लोखंडांत व घर्षणांत उष्णतेच्या रूपानें खर्च होतो. पांच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर चालत असून तिची कार्यक्षमता शेंकडा ८५ धरली, तर सुमारें साडेसहाशें वॅट इतकी उष्णता तिच्या पोटांत सतत उत्पन्न होत असते. विजेची लहान शेगडी मोटारींत ठेवून ती दिवसभर पेटती ठेवावी, तशांतलाच हा प्रकार आहे. ही उष्णता वेढ्यांकडून लोखंडाकडे व लोखंडाकडून बाहेरच्या कवचाकडे येते. कवचावर शेतांतील सऱ्यांप्रमाणें ज्या लांबट पट्ट्या असतात, त्यांचा उपयोग उष्णता हवेला देण्यासाठींच असतो. मागला पंखा जाळींतून थंड हवा ओढतो, ती या पट्ट्यांमधून पुढें लोटतो, आणि तेणेंकरून कवच निवतें.

येथें पंख्यावरील झांकणाचें महत्त्व लक्षांत घेतलें पाहिजे. तें केवळ बोटें कापूं नयेत म्हणून बसविलेलें असतें असा समज सर्वत्र आढळतो. पण त्याचें दुसरें काम तितकेंच मोठें आहे. पंखा हवा चहूंकडे बाहेर फेंकतो. झांकण ती अडवून वळवितें व पट्ट्यांच्या सऱ्यांत घालतें. पाटाचा बांध फुटला म्हणजे पाणी वाटेल तिकडे पसरतें व पिकाच्या सरीला पोंचत नाहीं; झांकणावांचून हवेचेंहि तसेंच होतें. पंखा पूर्ण वेगानें फिरत असतो, आणि मोटार मात्र तापत राहते.

वेढ्यांवरील रोधक आवरणाची उष्णता सोसण्याची एक मर्यादा असते. 'बी' वर्गाच्या आवरणास १३० अंश सेंटिग्रेड व 'एफ' वर्गाच्या आवरणास १५५ अंश ही ती मर्यादा होय. आपल्या मोटारीचा वर्ग तिच्यावरील माहितीच्या पट्टीवर छापलेला असतो. मर्यादेच्या वर दर १० अंश उष्णता वाढली कीं आवरणाचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे जें आवरण एरव्हीं २० वर्षें टिकावयाचें, तें मर्यादेच्या २० अंश वर सतत वापरल्यास सुमारें ५ वर्षांतच निकामी होतें. मोटार एका दिवसांत जळाली असें आपण म्हणतों. वस्तुतः तिचें आयुष्य कित्येक महिने आंतून झिजत असतें.

आतां पंख्याच्या वेगाविषयीं. विहिरीवरील बहुतेक लहान मोनोब्लॉक पंपांची मोटार दोन ध्रुवांची असते व ती मिनिटास सुमारें २,९०० फेरे घेते. चार ध्रुवांची असल्यास सुमारें १,४४०. मिनिटास २,९०० फेरे म्हणजे एका सेकंदांत ४८ फेरे झाले. इतक्या वेगांत तोलाचा थोडा फरकहि फार मोठा होतो. पंख्याच्या मध्यापासून ७ सेंटिमीटरवर केवळ ५ ग्रॅम चिखल एका बाजूस चिकटला, तर तो शाफ्टला सुमारें सव्वातीन किलो वजनाइतक्या जोरानें ओढतो. आणि ही ओढ फेऱ्याबरोबर गरगर फिरत सेकंदास ४८ वेळां बेअरिंगला हिसके देते. चार ध्रुवांच्या मोटारींत हाच जोर चौथाईवर येतो. सुपारीएवढ्या चिखलासाठीं कोण मोटार थांबवील, असें म्हणणाऱ्यानें हा हिशेब मनांत ठेवावा.

आधीं वीज, मग हत्यार

कोणतीहि तपासणी करण्यापूर्वीं वीज तोडणें हें पहिलें कर्तव्य होय. नुसतें स्टार्टरचें बटण दाबून मोटार थांबविणें पुरेसें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं वीज येतांच मोटार आपोआप सुरू करणारें यंत्र स्टार्टरला जोडलेलें असतें. वीज गेलेली असतां कोणी झांकण काढून पंख्यांत हात घालावा, आणि त्याच क्षणीं वीज येऊन मोटार सुरू व्हावी, हा अपघात कल्पनेंतला नव्हे. म्हणून मुख्य कळ बंद करून तिन्ही फ्यूज काढावे व ते पेटीवर न ठेवतां स्वतःच्या कनवटीस लावावे. त्यानंतर मोटारीच्या जोडणीच्या पेटींत प्रत्येक तार टेस्टरनें तपासून पाहावी. आधीं तो टेस्टर चालू विजेवर लागतो याची खात्री करून घ्यावी.

एकफेजी मोटारीस कपॅसिटर असतो. वीज तोडल्यावरहि त्यांत कांहीं काळ विजेचा सांठा राहतो. त्याच्या टोकांना हात लावूं नये. ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून काम करूं नये. धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक किंवा साडीचा पदर चालत्या मोटारीजवळ मोकळा सोडूं नये. तारा, स्टार्टर व कपॅसिटर यांची दुरुस्ती परवानाधारक तारतंत्र्याचीच समजावी. पंखा, झांकण व स्वच्छता एवढेंच काम शेतकऱ्यानें स्वतः करावें.

आवाज कोठला?

आवाज मागून येतो म्हणून तो पंख्याचाच, असें धरून चालणें ही सर्वसाधारण चूक होय. लोखंडांतून आवाज लांबवर वाहतो. पंपाच्या तोंडाशीं उठलेला खडखडाट पंख्याच्या जाळींतून ऐकूं येतो. यासाठीं पुढील तीन परीक्षा क्रमानें कराव्या. त्यांना पैसा लागत नाहीं, व दहा मिनिटांत तिन्ही होतात.

पहिली परीक्षा वीज तोडण्याची. मोटार चालू असतां एकानें कान देऊन उभें राहावें व दुसऱ्यानें ती बंद करावी. वीज तुटतांक्षणींच, शाफ्ट अजून फिरत असतांना, आवाज एकदम नाहींसा झाला तर तो विजेचा आवाज होय. उलट, शाफ्ट जसजसा मंदावतो तसतसा आवाजहि उतरत गेला, तर तो फिरणाऱ्या भागाचा, म्हणजे पंखा, बेअरिंग किंवा पंप यांपैकीं एकाचा होय. या एका परीक्षेनें अर्धें निदान होतें.

दुसरी परीक्षा हाताची. वर सांगितल्याप्रमाणें फ्यूज काढून, झांकणाचे स्क्रू सोडून पंखा मोकळा करावा व तो हातानें सावकाश फिरवावा. प्रत्येक फेऱ्यांत एकाच जागीं घांसल्यासारखें लागलें तर पंखा वांकडा बसला आहे किंवा शाफ्ट वांकला आहे. सर्व फेऱ्यांत वाळू भरडल्यासारखें लागलें तर बेअरिंग खराब आहे. शाफ्टचें टोंक वर-खालीं हलविल्यास स्पष्ट हालचाल जाणवली, तरीहि दोष बेअरिंगचाच. पंखा फिरतो पण शाफ्ट जागीं राहतो, असें झालें तर पंख्याचें भोंक झिजलें आहे. शाफ्ट मुळींच फिरत नसेल, तर पंप अडकला आहे. अशा स्थितींत वीज देणें म्हणजे मोटार जाळणें होय.

तिसरी परीक्षा लांकडी दांडीची. हातभर लांबीची कोरडी, सरळ दांडी घेऊन तिचें एक टोंक मोटारीच्या पुढल्या बेअरिंगच्या घराला टेंकवावें व दुसरें कानाशीं धरावें. मग तीच दांडी मागल्या बाजूस झांकणाच्या अलीकडे, कवचाच्या शेवटीं टेंकवावी. ही परीक्षा मोटार चालू ठेवून करावयाची असल्यामुळें झांकण आधीं परत बसविलेलें असावें, व दांडी जाळीजवळ नेऊं नये. वैद्य छातीला नळी लावतो त्याप्रमाणें दोन्ही टोंकांच्या आवाजांतील फरक यानें स्पष्ट कळतो. चांगलें बेअरिंग एकसारखें, मऊ घूं घूं करतें. बिघडलेल्यांत मधूनमधून कटकट किंवा खरखर मिसळलेली असते.

आवाजांचे प्रकार व त्यांवर उपाय

१. खडखड. झांकणाचे स्क्रू सैल झाले असतां, किंवा जाळींतून पाचोळा, चिपाड, कागद आंत ओढला गेला असतां हा आवाज येतो. मोटार कांहीं महिने बंद राहिली तर कुंभारमाशी झांकणाच्या आंत मातीचें घर करते, आणि मोटार सुरू होतांच तें फुटून पात्यांवर आपटतें. झांकण काढून कुंच्यानें सर्व कचरा झाडावा, पट्ट्यांमधील माती लांकडी चिपेनें खरवडून काढावी, व स्क्रूखालीं स्प्रिंगचे वायसर घालून ते घट्ट बसवावे. पुष्कळशा मोटारींचा आवाज येथेंच संपतो.

२. एका लयींत घांसण्याचा आवाज. झांकणास मार लागून पोंचा पडला असेल तर पातीं त्यास घांसतात. किंवा पंखा शाफ्टवर मागें सरकून जाळीला टेंकतो. झांकण काढून लांकडी ठोकळ्यावर ठेवावें व लांकडी हातोड्यानें पोंचा उठवावा. पंखा सरकला असल्यास मूळ जागीं आणून त्याचा स्क्रू किंवा स्प्रिंगची कडी नीट बसवावी. सर्व बाजूंनीं सारखें अंतर राहिलें आहे हें हातानें फिरवून पाहावें. पात्यांचीं टोंकें कापून जागा करण्याचा मोह टाळावा. त्यानें तोलहि जातो व हवाहि घटते.

३. घरघर, आणि सोबत कंप. मोटारीवर हात ठेवला असतां ती थरथरते. एखादें पातें तुटलेलें असतें किंवा एका बाजूस चिखल साचलेला असतो. चिखल धुऊन काढावा. पातें तुटलें असल्यास पंखा नवाच घालावा. तोल साधावा म्हणून समोरचें पातें मोडणें हा उपाय नव्हे, कारण त्यानें हवा आणखी कमी होते. नवा पंखा घेतांना शाफ्टचा व्यास, पंख्याचा बाहेरचा व्यास व पात्यांची रुंदी हीं तीन मापें जुन्याशीं ताडून घ्यावीं. लहान पंखा बसतो व आवाजहि करीत नाहीं, पण तो मोटार निववूं शकत नाहीं. पंखा नवा घालूनहि कंप राहिल्यास पायाचे बोल्ट तपासावे.

४. सुरू होतांना व थांबतांना खटखट. भोंक झिजलेला पंखा शाफ्टवर मागें-पुढें लचकतो. यावर पत्र्याची पाचर, कागद किंवा डिंक हे उपाय चार दिवसांचे आहेत; पंखा बदलणेंच योग्य. जुना पंखा काढतांना दोन बाजूंनीं समोरासमोर पाने घालून सारखा दाब द्यावा. एका बाजूनें ओढल्यास तो फुटतो. नवा पंखा घट्ट लागत असेल तर ठोकूं नये. गरम पाण्यांत कांहीं मिनिटें ठेवून व पुसून बसवावा. मात्र कांहीं एकफेजी मोटारींत सुरू झाल्यावर लगेच एकदां, व थांबण्यापूर्वीं एकदां, 'टक्' असा आवाज येतो. तो आंतील कळीचा स्वाभाविक आवाज असून त्याची काळजी करूं नये.

५. शीळ किंवा किंचाळणें. जाळी कचऱ्यानें अर्धी बुजली तर उरलेल्या छिद्रांतून हवा शीळ घालीत जाते. जाळी साफ करतांच ती थांबते. ती न थांबल्यास बेअरिंगमधील ग्रीस सुकलें आहे असें समजावें. हल्लींच्या लहान मोटारींतील बेअरिंगें बहुधा दोन्ही बाजूंनीं बंद असतात; त्यांत बाहेरून तेल ओतल्यानें कांहीं साधत नाहीं, उलट तें तेल धूळ धरतें व वेढ्यांवर उडतें. असें बेअरिंग बदलावेंच लागतें. त्याचा अंक त्याच्या कडीवर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०५ या अंकांतील शेवटच्या दोन आंकड्यांस ५ नें गुणिलें असतां २५ मिलिमीटर हा भोंकाचा व्यास येतो. पुढें 'झेडझेड' असल्यास दोन्ही बाजूंस पत्र्याचीं झांकणें आहेत असें समजावें. अंकासकट अक्षरेंहि तींच मागावीं. बसवितांना दाब आंतल्या कडीवरच द्यावा. बाहेरच्या कडीवर हातोडा मारल्यास गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं वाजूं लागतें.

बेअरिंग का बिघडलें हेंहि पाहिलें पाहिजे. मोनोब्लॉक पंपांत पाण्याची चकती गळूं लागली कीं पाणी शाफ्टवरून पुढल्या बेअरिंगांत शिरतें. गळती तशीच ठेवून बेअरिंग बदलणें म्हणजे छप्पर गळत असतां जमीन सारविणें होय. खरखर फार दिवस चालूं दिली तर शाफ्ट इतका ढिला होतो कीं आंतील फिरता भाग स्थिर भागास घांसतो; मग केवळ वेढे भरून भागत नाहीं.

६. जड हुंकार. पहिल्या परीक्षेंत वीज तोडतांच थांबणारा आवाज तो हाच. आपल्या विजेचे सेकंदास ५० आवर्त असल्यामुळें प्रत्येक मोटारींत सेकंदास १०० कंपनांचा मंद गुणगुणाट असतोच. तो एकाएकीं जड झाला, किंवा मोटार न फिरतां नुसती हुंकार देऊं लागली, तर तीन फेजांपैकीं एक गेली असण्याचा संभव फार मोठा आहे. फिरत्या मोटारीची एक फेज गेली तर उरलेल्या दोन तारांतून सुमारें पावणेदोन पट प्रवाह वाहूं लागतो, व कांहीं मिनिटांतच वेढे काळे पडतात. व्होल्टेज फार उतरलें तरीहि त्याच भारासाठीं प्रवाह वाढतो. येथें पंखा कितीहि उत्तम असला तरी तो मोटार वांचवूं शकत नाहीं. हा आवाज ऐकतांच मोटार बंद करावी. पाळी पुरी होण्याची वाट पाहूं नये. फेज गेल्यास मोटार आपोआप तोडणारें यंत्र स्टार्टरमध्यें असावें, आणि तें आहे तर त्याची जोडणी कोणी मध्येंच काढून ठेवली नाहीं ना, हें अवश्य पाहावें.

७. खडे भरडल्यासारखा आवाज. हा बहुधा पंपाचा असतो. फाल्गुनापासून विहिरीचें पाणी खालीं जातें, शोषनळीची खोली वाढते, आणि पंपांत पाण्याची वाफ होऊन तिचे बुडबुडे फुटूं लागतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा सुमारें १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलतो. परंतु घर्षणादि तूट वजा जातां पंपानें ६ ते ७ मीटरपेक्षां अधिक खोलीवरून पाणी ओढण्याची अपेक्षा करूं नये. पुण्यासारख्या सुमारें ५६० मीटर उंचीच्या ठिकाणीं तर हें बळ आणखी अर्ध्या मीटरहून अधिक घटतें. ओळखण्याची खूण अशी : बाहेर पाणी सोडणाऱ्या नळीवरील व्हॉल्व्ह थोडा आंवळावा; आवाज कमी झाला तर दोष शोषणाच्या बाजूचा. फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करावी, शोषनळीचे सांधे तपासावे, व जरूर तर पंप खालच्या टप्प्यावर उतरवावा.

मोटार किती तापली हें कसें ओळखावें?

कवचास हात लावून 'भाजतें' असें म्हणण्यावर विसंबूं नये. हल्लींच्या मोटारींचें कवच पूर्ण भारावर हात ठेववणार नाहीं इतकें गरम असूनहि मोटार सुरक्षित असूं शकते. त्याहून बरी खूण ही कीं, मोटार बंद करून कवचावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो चर्र करून उडून गेला तर कवच १०० अंशांच्या वर गेलें आहे, आणि आंतील वेढे त्याहून पुष्कळ अधिक तापलेले आहेत. अशा वेळीं बादलीभर पाणी ओतून मोटार निवविण्याचा प्रयत्न कदापि करूं नये. पाणी वेढ्यांत शिरल्यास जें वांचलें असतें तेंहि जातें. तिला तशीच निवूं द्यावी. पंखा काम करीत आहे कीं नाहीं हें पाहण्यास मोटार चालू असतां कागदाचा तळहाताएवढा तुकडा जाळीजवळ धरावा. तो चिकटून राहिला पाहिजे. तसेंच पट्ट्यांच्या पुढल्या टोंकाशीं तळहात धरल्यास वारा लागला पाहिजे. प्रवाहमापकावरील आंकडा पट्टीवर छापलेल्या आंकड्याहून अधिक असेल, तर दोष पंख्याचा नसून भाराचा किंवा विजेचा आहे.

तलावांवरील व पाण्यांतील पंप

कृषि-पर्यटनाच्या केंद्रांवर हल्लीं पोहण्याचे लहान तलाव आढळतात. त्यांचें पाणी गाळून फिरविणाऱ्या पंपाची मोटार मागल्या पंख्याचीच असल्यामुळें वरील सर्व परीक्षा तेथें जशाच्या तशा लागू पडतात. दोन गोष्टी मात्र विशेष. एक तर हा पंप बहुधा बंद खोलींत असतो. तेथें पंखा स्वतःच तापविलेली हवा पुन्हां पुन्हां ओढतो. म्हणून खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत, एक खालीं व एक वर, असे झरोके ठेवावे. दुसरें असें कीं, पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनची भुकटी व आम्ल हीं त्याच खोलींत सांठविल्यास त्यांच्या वाफेनें झांकण, स्क्रू व बेअरिंगें गंजतात. हीं द्रव्यें मोटारीपासून दूर, आणि परस्परांपासूनहि निराळीं ठेवावीं. तीं एकत्र आल्यास विषारी वायु सुटतो. शोषनळीवरील गाळणीची टोपली पानांनीं भरली तरीहि खडे भरडल्यासारखा आवाज येतो. पाण्यांत बुडणाऱ्या पंपांस पंखा नसतो; सभोंवारचें पाणीच त्यांना निववितें, म्हणून हा लेख त्यांना लागू नाहीं.

नित्याची निगा

मोटारीवर ऊन-पाऊस लागूं नये म्हणून तिच्यावर पोतें टाकण्याची रीति सर्वत्र आहे. चालत्या मोटारीवरील पोतें हवेची वाट अडवितें, आणि त्याचा सुटा धागा जाळींतून आंत गेला तर पंख्याला गुंडाळला जातो. त्याऐवजीं चार खांबांवर पत्र्याचें किंवा पाचटाचें छप्पर करावें व बाजू मोकळ्या ठेवाव्या. मागली जाळी व भिंत यांत हातभर तरी अंतर असावें. पाया जमिनीपासून वीतभर उंच असावा, म्हणजे पाटाचें पाणी व चिखल पंख्यापर्यंत उडत नाहीं.

आठवड्यांतून एकदां जाळी झाडावी व मोटार थांबतांना कान देऊन ऐकावें. महिन्यांतून एकदां वीज तोडून झांकणाचे स्क्रू व पायाचे बोल्ट पाहावे. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व रब्बीच्या आरंभीं, झांकण उतरवून पंखा व पट्ट्या स्वच्छ कराव्या. पावसाळाभर बंद राहिलेली मोटार सुरू करण्यापूर्वीं शाफ्ट हातानें फिरवून पाहावा, व वेढ्यांतील ओल तारतंत्र्याकडून मापकानें तपासून घ्यावी. पट्टीवरील अश्वशक्ति, प्रवाह, फेरे, आवरणाचा वर्ग आणि दोन्ही बेअरिंगांचे अंक वहींत लिहून ठेवावे. पट्टी गंजून अक्षरें जातात, वहींतलीं राहतात.

शेवटीं एक सूचना संघाच्या सभासदांसाठीं. शिवारांतील बहुतेक विहिरींवर तीन किंवा पांच अश्वशक्तीच्या ठराविक मोटारी असतात, व त्यांचे पंखे आणि बेअरिंगें यांचीं मापें थोडींच असतात. आठ-दहा बागाईतदारांनीं मिळून प्रत्येक मापाचा एकेक पंखा, बेअरिंगांच्या दोन-चार जोड्या, बेअरिंग ओढण्याचें हत्यार व एक टेस्टर अशी सामाईक पेटी ठेवली, तर प्रत्येकावर पडणारा खर्च फारच थोडा होईल. भर उन्हाळ्यांत तालुक्याच्या दुकानीं माल नसला तरी कोणाची पाळी चुकणार नाहीं. पेटी कोणाकडे असावी व तींतील माल केव्हां भरून काढावा, हें संघाच्या पुढल्या बैठकींत ठरवितां येईल. माघ महिना संपण्यापूर्वीं तें ठरावें, म्हणजे विहिरी खालीं जाण्याच्या आधीं तयारी पुरी होईल.